कलाक आधीच मेलाय

लॉकडाऊनच्या वर्षी दर रविवारी रात्री आम्ही पाच जण व्हिडिओ कॉलवर जमून एका राजाला मारायचा कट करत होतो. राजाचं नाव कलाक. टिर नावाच्या शहरावर तो हजाराहून जास्त वर्षं ठाण मांडून बसलाय, गुलामांकडून पायऱ्यापायऱ्यांचा एक अवाढव्य मनोरा बांधून घेतोय, आणि मनोरा कशासाठी हे कुणालाच माहीत नाही. मी त्या गुलामांपैकी एक होते. सहा रविवार घालवून आम्ही पहारेकऱ्यांच्या पाळ्या, पाण्याच्या गाड्या, कुणाला किती लाच द्यायची, असं सगळं एका एक्सेल शीटमध्ये भरलं होतं. ऑफिसच्या कामात मी इतकी नीट शीट कधी केली नव्हती.

सातव्या रविवारी एक नवा भिडू आला. आमचा बेत त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "पण कलाक तर आधीच मेलाय ना? पहिल्याच कादंबरीत मारतात त्याला."

कॉलवर कुणीच काही बोललं नाही. मग आमच्या डीएमने घसा साफ केला. त्याने ती कादंबरी वाचलेली नव्हती.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात एक जण डीएम असतो, तो जग आणि त्यातली बाकीची माणसं सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, काय करायचं ते बोलून सांगतात, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरतं. दर वेळी शून्यातून जग उभं करायला वेळ नसतो, म्हणून तयार जग विकत मिळतं: नकाशे, शहरं, देव, राजे, भांडणं. त्याला सेटिंग म्हणतात. आणि सेटिंग खपलं की त्याच कंपनीकडून त्या जगात घडणाऱ्या कादंबऱ्या येतात. माझा वाद या कादंबऱ्यांशी आहे. वाद आहे, कारण मी स्वतः त्या वाचूनच इथे आले.

आम्ही खेळत होतो ते सेटिंग म्हणजे डार्क सन, १९९१ साली टीएसआर या कंपनीने काढलेलं. मला विचाराल तर या खेळाच्या इतिहासातली ही सगळ्यात धाडसी कल्पना. अथास नावाचं वाळवंटी जग, जिथे जादू करायची तर आसपासच्या झाडापाल्यातला जीव ओढून घ्यावा लागतो आणि मागे राख उरते. जादूगारांनीच जगाचं वाळवंट करून ठेवलंय. लोखंड इतकं दुर्मीळ की तलवारी हाडाच्या. सात शहरं, प्रत्येकावर एक मांत्रिक-राजा. मूळ पेटीत कलाक जिवंत आहे, मनोरा पुरा होत आलाय, शहर आतून धुमसतंय. म्हणजे खेळणाऱ्याला सरळ आमंत्रण आहे: या, काहीतरी करा.

आणि त्याच वर्षी, १९९१ मध्येच, ट्रॉय डेनिंगची 'द व्हर्डंट पॅसेज' आली आणि तिच्यात कलाक मारला गेला. डेनिंग म्हणजे कुणी बाहेरून बोलावलेला लेखक नव्हे, पेटीच्या दोन मुख्य लेखकांपैकी एक. ज्याने आमंत्रण लिहिलं त्यानेच जेवण उरकून टाकलं. सोबत 'फ्रीडम' नावाचं खेळण्याचं पुस्तकही आलं. त्यात तुमची पात्रं गुलाम होऊन टिरमध्ये पोचतात, त्या ऐतिहासिक दिवशी आखाड्यात हजरही असतात, पण राजावर भाला फेकणारा हात कादंबरीच्या नायकाचा, रिकसचा. तुम्ही गर्दीत. १९९३ पर्यंत मालिकेची पाच पुस्तकं झाली. शेवटी सातपैकी चार शहरांचे राजे गेले होते आणि ज्याच्या नावाने सगळं जग थरथर कापायचं तो ड्रॅगनही मारला गेला होता. १९९५ मध्ये सेटिंगची सुधारित पेटी आली, तिने हे सगळं इतिहास म्हणून छापलं. नवा गिऱ्हाईक पैसे मोजून पेटी उघडतो तर आत सगळी मोठी कामं झालेली.

डेनिंगने वाईट लिहिलं असं मी म्हणत नाही. अडचण अशी की कादंबरीला शेवट लागतो. पाच पुस्तकं वाचून राजे जागच्या जागी राहिले तर वाचक फसवणूक झाली म्हणेल. सेटिंगचं बरोबर उलटं. तिथे जेवढी कामं अर्धवट तेवढा माल चांगला. कादंबरीतला शेवट कादंबरीत राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तो उचलून पेटीत आणून ठेवला, तिथे घोटाळा झाला. आमच्या धंद्यात याला प्रॉडक्शन डेटाबेसवर टेस्ट चालवणं म्हणतात आणि त्यावर मीटिंग होते.

दुसरं उदाहरण तर आमच्याच धंद्यातलं वाटावं असं आहे. १९८९ मध्ये खेळाच्या नियमांची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात मारेकऱ्याचा वर्ग, असॅसिन, काढून टाकला होता. आता फरगॉटन रेल्म्स या सेटिंगमध्ये आधीपासून वावरणाऱ्या मारेकऱ्यांचं करायचं काय? त्यावर 'अवतार' नावाची कादंबरी-त्रयी काढली. देवांना स्वर्गातून हाकलून माणसांत आणलं, त्यांची आपसांत कापाकापी झाली, आणि त्या धामधुमीत मारेकरी सामूहिकरीत्या मेले. तीन जाड पुस्तकांची रिलीज नोट! त्यावर बेतलेली खेळण्याची पुस्तकंही आली, आणि त्यांत पुन्हा तेच: देव भांडतायत, कादंबरीतली मंडळी धावतायत, तुम्ही मागून.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग कादंबऱ्या नकोतच. पण माझी सुरुवात ड्रिझ्टपासून झाली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, हॉस्टेलमध्ये, सीनियरच्या फुटक्या स्क्रीनच्या फोनवर. आर. ए. साल्वातोरेने १९८८ च्या 'द क्रिस्टल शार्ड'मध्ये ड्रिझ्टला नायकाचा जोडीदार म्हणून आणलं आणि त्यानेच मालिका खाऊन टाकली. त्याआधी भूगर्भात राहणारे ड्रो एल्फ हे खेळात बहुतेक मारायचेच शत्रू होते. १९९० च्या 'होमलँड'ने त्यांचं शहर दाखवलं, मेन्झोबेरान्झान: घराणी एकमेकांचा निर्वंश करतात, पण पुरावा मागे राहिला तरच गुन्हा. हे वाचल्यावर मला ड्रिझ्टची गोष्ट पुढे काय झाली यापेक्षा त्या शहरात आपलं एक घराणं असावं असं वाटायला लागलं. १९९२ मध्ये खुद्द त्या शहराचीच पेटी निघाली. इथेही कादंबरीतून सेटिंगमध्ये माल आला, पण आलं ते ठिकाण, तिथल्या चालीरीती, तिथली भीती. उरकलेलं काम नव्हे. (दोन तलवारी घेऊन फिरणारे, मनाने चांगले, एकलकोंडे ड्रो प्रत्येक टेबलावर उगवले ही त्याची किंमत. ती मी मोजायला तयार आहे. माझं पहिलं पात्र तेच होतं.)

हा धडा घेतलेलं सेटिंग म्हणजे एबेरॉन. २००२ च्या खुल्या स्पर्धेत अकरा हजारांहून जास्त प्रवेशिकांतून कीथ बेकरची कल्पना निवडली गेली, २००४ मध्ये पुस्तक आलं. तिथलं घड्याळ ९९८ या सालावर थांबवलंय. नियमांच्या आवृत्त्या बदलल्या तरी साल तेच. कादंबऱ्या आहेत, पण त्यांत घडलेलं सेटिंगला लागू नाही. सायर नावाचा आख्खा देश एका दिवसात उद्ध्वस्त झाला, तो का झाला याचं अधिकृत उत्तर मुद्दामच दिलेलं नाही. ते तुमच्या टेबलाने शोधायचं. खेळणारी म्हणून मला याहून सुंदर काही माहीत नाही. वाचणारी म्हणून मात्र त्या कादंबऱ्यांत जीव अडकत नाही. जगाला काही होणार नाही हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. दोन्ही एकदम मिळेल असा तोडगा मला अजून दिसलेला नाही, आणि निवडायची वेळ आली तर मी कादंबरीवर पाणी सोडीन.

२०१० मध्ये डार्क सन नव्या आवृत्तीत आलं तेव्हा कंपनीने घड्याळ मागे फिरवलं: कलाक नुकताच मेलाय, टिर स्वतंत्र झालंय, त्यापुढचं काही घडलेलंच नाही. २०२१ मध्ये तर जाहीर केलं की २०१४ पासूनच्या खेळाच्या पुस्तकांत आहे तेवढंच अधिकृत. जुने वाचक चिडले, आणि त्यांचा राग मला कळतो. वीस-तीस वर्षं मनात जपलेलं कुणी एका वाक्यात रद्द करावं, हे सुखाचं नाही. पण निर्णय बरोबर होता. फक्त त्याचा टेबलावर उपयोग थोडा. आमच्या नव्या भिडूला कुठल्या कंपनीने काय जाहीर केलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने वाचलं होतं, बस. त्या एका वाक्यानंतर डीएम काहीही बोलला की सगळ्यांचे डोळे नकळत त्या भिडूच्या खिडकीकडे जायचे: हे बरोबर आहे का? सहा रविवार जे जग आमचं होतं ते त्याचं झालं, आणि त्याने तसं मुद्दाम काही केलंही नव्हतं. उलट तो बिचारा ओशाळला होता.

पुढच्या रविवारी डीएमने जाहीर केलं की आमच्या अथासवर कलाक जिवंत आहे, आणि रिकस नावाचा माणूस जन्मलाच नाही. भिडू म्हणाला, चालेल. मग त्याने विचारलं, मनोरा कशासाठी आहे हे मला माहीत आहे, ते तरी बदलणार का? डीएम म्हणाला, बदललंय. बदललं होतं की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. नोव्हेंबरात दोघांची ऑफिसं उघडली, एक जण नोकरीसाठी डब्लिनला गेला, रविवार मोडले. शीट अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. तिच्यात शेवटची नोंद पाण्याच्या तिसऱ्या गाडीची आहे, आणि लाचेचा रकाना रिकामा आहे.