गौरवापेक्षा सत्य मोठे

दुसऱ्या महायुद्धात परभूमीवर मरण पावलेल्या नूर इनायत खान हिचे 'स्पाय प्रिन्सेस' हे श्रावणी बसू यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र २००६ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटिश गुप्त संघटनेची कागदपत्रे २००३ मध्ये खुली झाली. त्यांचा भक्कम आधार या ग्रंथास लाभला आहे.

नूरचे वडील बडोद्याचे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तेथे गायनशाळा उभारणारे मौलाबक्ष हे तिचे पणजोबा. १९१४ साली मॉस्कोत जन्मलेली आणि फ्रान्समध्ये वाढलेली ही अहिंसाप्रिय मुलगी लहान मुलांसाठी जातककथा लिहीत असे. १९४० साली ती ब्रिटिश वायुसेनेच्या महिला विभागात दाखल झाली. जून १९४३ मध्ये तिला बिनतारी संदेशवाहक म्हणून गुप्तपणे फ्रान्समध्ये उतरविण्यात आले. थोड्याच दिवसांत तिच्या सहकाऱ्यांची धरपकड झाली, तरी तिने परतण्यास नकार दिला. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली.

संतचरित्रांवर वाढलेल्या आपणा वाचकांना चरित्रनायकाचे दोष झाकण्याची लेखकी सवय चांगलीच परिचित आहे. बसूबाई त्या मोहात पडत नाहीत, हे या ग्रंथाचे मोठे बळ आहे. नूर आपल्या संदेशांच्या नकला वहीत जपून ठेवी. ती वही आणि तिचे यंत्र शत्रूच्या हाती लागले व जर्मन लोक तिच्या नावाने लंडनशी बोलू लागले. ती पकडली गेल्याच्या इशाऱ्याकडे लंडनच्या वरिष्ठांनी दुर्लक्ष केले. परिणामी फेब्रुवारी १९४४ मध्ये विमानातून उतरलेली मादलेन दामरमाँ ही फ्रेंच तरुणी थेट शत्रूच्या ताब्यात गेली. पुढे १३ सप्टेंबर १९४४ च्या पहाटे डाखाउच्या छळछावणीत चार स्त्रियांना ठार मारण्यात आले : नूर, मादलेन, योलांद बीकमन आणि एलियान प्लूमन.

हे वाचताना आम्ही थबकलो. यामुळे नूरची थोरवी उणावते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सुमारे दहा महिने बेड्यांत राहूनही तिने सहकाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. चुकीसह तिचे धैर्य अधिक मानवी, म्हणून अधिक विश्वसनीय ठरते.

मात्र दोन गोष्टी खटकतात. टिपू सुलतानाच्या वंशाशी नाते सांगणाऱ्या घराण्यावरून शीर्षकात आलेला 'राजकन्या' हा शब्द ग्रंथाच्या प्रामाणिक स्वराशी विसंगत आहे. नूर टिकली ती कुळामुळे नव्हे, कर्तव्यनिष्ठेमुळे. तसेच तिच्या अखेरच्या शब्दाची कथा ऐकीव साक्षीवर उभी आहे. तिची अधिक कसोशीने छाननी व्हावयास हवी होती.

नूरला १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस हा सन्मान मिळाला. २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा उभा राहिला. इंग्लंडमधील रनीमीडच्या स्मारकावर मात्र, ज्यांचे थडगे कोठेच नाही अशा २० हजारांहून अधिक नावांमध्ये तिचे नाव कोरलेले आहे. वाचकहो, हा ग्रंथ अवश्य वाचावा. आणि वाचून झाल्यावर त्या पहाटे तिच्यासोबत गेलेल्या तिघींची नावेही मुलाबाळांना सांगावीत.