कबुली आणि पुरावा : काही कादंबऱ्या वाचून

रहस्यकथेला मराठी वाचक घरात घेतो, परंतु पंक्तीला बसवीत नाही. ती ग्रंथालयातून आणावयाची, एका रात्रीत संपवावयाची आणि कोणी विचारलेच तर 'सहज चाळली' असे म्हणावयाचे, ही आपली जुनी रीत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यान्‌पिढ्या त्या वाचल्या गेल्या. साहित्याच्या गंभीर चर्चेत मात्र त्यांचे नाव फार क्वचित निघाले. गेल्या काही महिन्यांत मी काही रहस्यकादंबऱ्या आणि त्यांच्या जोडीने काही प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या कादंबऱ्या वाचल्या. व्यवसाय वकिलीचा असल्याने वाचताना एक कसोटी आपोआप हाती आली. या पुस्तकातील गुन्हेगार कशाने गुन्हेगार ठरला, पुराव्याने की कबुलीने? ही कसोटी लावली असता पुस्तकांची नेहमीची वर्णव्यवस्था बरीच बदलते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम आपल्या मराठी रहस्यकथेकडे वळू. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांना मी आजही आनंदाने भेटतो. कथेला पहिल्या पानापासून जी धाव लागते ती अनेक थोर लेखकांना साधलेली नाही. सुहास शिरवळकरांना सामान्य वाचक 'दुनियादारी'मुळे ओळखतो. परंतु त्यांच्या रहस्यकथांतील बॅरिस्टर अमर विश्वास हा आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून त्याच्याविषयी मला विशेष ओढ. शिरवळकरांचे संवाद तरतरीत आहेत, आणि नायकाला काळा डगला चढविण्याची कल्पनाच मोठी आकर्षक आहे.

तथापि आपल्या एकंदर रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणाला एक ठराविक साचा पडून गेला आहे. सर्व संशयितांना दिवाणखान्यात जमवावयाचे, नायकाने एकेक धागा उलगडावयाचा, गुन्हेगाराने विकट हास्य करून सारे कबूल करावयाचे आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी बेड्या पुढे कराव्यात. वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. वकिलाचे काम मात्र नेमके तेथून सुरू होते, आणि दिवाणखान्यातील त्या कबुलीखेरीज दुसरे काही हाती नसेल तर आरोपी सुटण्याचा संभव बराच मोठा असतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व त्याच्या २३ व्या कलमात तसेच राहिले. पोलिसांच्या ताब्यातील आरोपीची कबुली ग्राह्य व्हावयाची तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, स्वेच्छेने, 'तुझ्यावर कसलीही सक्ती नाही' अशी समज मिळाल्यानंतर झालेली असावी लागते. माणसाला मारहाण करून हवे ते वदवून घेता येते, हे शहाणपण या कायद्याच्या मुळाशी आहे.

कोणी म्हणेल, कथेला कायद्याची कलमे कशाला लावता? कलमांसाठी नव्हे, कलेसाठीच मी ती लावतो. देवळात आपण कौल लावतो तेव्हा उजवा कौल मिळाला की शंका फिटते. तेथे प्रश्न श्रद्धेचा असतो आणि उत्तर देवाचे. रहस्यकथेने मात्र पहिल्या पानावर वाचकाला बुद्धीचे वचन दिलेले असते. शेवटी गुन्हेगाराच्याच तोंडून कबुली काढणारा लेखक ते वचन मोडतो आणि वाचकाच्या हाती उजवा कौल ठेवतो. दोनशे पाने गोळा केलेल्या खाणाखुणा खऱ्या असतील, तर गुन्हेगाराने बोलण्याची गरजच काय?

अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४) याच दृष्टीने पुन्हा वाचली. बर्फात अडकलेल्या गाडीत खून होतो आणि अखेर प्वारो एक नव्हे, दोन उलगडे पुढे ठेवतो. त्यांतला खरा कोणता हे वाचकाला ठाऊक असते; पोलिसांना मात्र दुसरा सांगावयाचा असे ठरते. १९८४ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच नियम सांगितले आणि त्यांना 'पंचशील' हा आपला शब्द वापरला. साखळी अखंड असावी, आणि आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा कोणताही तर्क त्या पुराव्यातून निघू नये, हे त्यांचे सार. ख्रिस्तीबाईंनी तोच दुसरा तर्क मुद्दाम उभा केला, आणि सत्य व न्याय यांच्यात निवड करण्याचे काम वाचकावर टाकले. करमणुकीसाठी लिहिलेल्या पुस्तकाने एवढे केले तर त्याला पंक्तीबाहेर ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यानंतर दस्तयेवस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) घेतली. तीत खून कोणी केला हे लपविलेलेच नाही; रास्कोल्निकॉव्हच्या हातातील कुऱ्हाड आपण पाहतो. तपास करणाऱ्या पॉर्फिरीची खात्री पटलेली आहे, परंतु त्याच्यापाशी न्यायालयात टिकेल असा पुरावा नाही. तेवढ्यात मिकोल्का नावाचा एक निरपराध रंगारी 'खून मीच केला' असे सांगत पुढे येतो, कारण त्याला दुःख भोगून शुद्ध व्हावयाचे असते. कबुली खोटी असू शकते, आणि तीही कोणी न मारता, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही. खरा खुनी अखेर पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा कबूल करतो. आपल्या कायद्याने ती कबुली चालली नसती. फार तर त्याच्या सांगण्यावरून दगडाखाली जो ऐवज सापडला तेवढ्याचाच उपयोग झाला असता. परंतु दस्तयेवस्कीची कबुली न्यायालयासाठी नाहीच. माणसांत परत येण्यासाठी त्या खुन्याला ती करावी लागते. कबुलीजबाबाची खरी जागा ही आहे. आमचे रहस्यकथाकार ती तपासाच्या सोयीसाठी खर्च करतात आणि तिचे मोल घालवितात.

येथवर प्रश्न एका माणसाच्या गुन्ह्याचा होता. परंतु गुन्हा एका माणसाचा नसेल तर? पुंडलीक नायक यांची कोंकणी कादंबरी 'अच्छेव' (१९७७) आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेल. गोव्यातील कोळंब गावात खाण येते आणि शेती सोडून माणसे खाणीवर जातात. पैसा येतो, त्याच्यामागून व्यसन येते, आणि घर व गाव दोन्ही पोखरून निघतात. दोषी कोण? खाणमालक, मुकादम, की स्वतःहून शेत सोडणारा शेतकरी? आरोपपत्रावर नाव लिहावयाचे झाले तर लेखणी अडते. ती अडावी अशाच रीतीने नायकांनी कादंबरी रचली आहे, आणि त्यांच्या कोंकणीतील गावरान सच्चेपणामुळे ही रचना कोठेही दिसत नाही.

भोपाळात इंद्रपुरीत राहणाऱ्या मला हा प्रश्न पुस्तकापुरता ठेवता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. कारखाना कोणाचा हे रहस्य नव्हते. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ७ जून २०१० रोजी सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. मूळ कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष वॉरन अँडरसन येथे खटल्याला कधीही उभे न राहता २०१४ साली वारले, आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. या कथेला शेवटचे प्रकरण लाभलेच नाही.

इंद्र सिन्हा यांची 'अ‍ॅनिमल्स पीपल' ही इंग्रजी कादंबरी (२००७) याच घटनेवर उभी आहे. गावाचे नाव खौफपूर असे बदलले आहे. वायूच्या परिणामाने पाठीचा कणा वाकून हातापायांवर चालणारा, स्वतःला जनावर म्हणविणारा तरुण ती सांगतो. त्याची भाषा शिवराळ आहे. देवघराशेजारी बसून मोठ्याने वाचावे असे हे पुस्तक नव्हे. परंतु तिच्यातील एक धागा मला सर्वांत मोलाचा वाटला. एक अमेरिकन डॉक्टर मोफत दवाखाना उघडते आणि ती कंपनीची हस्तक असावी या संशयाने पीडित लोकच तिच्यावर बहिष्कार घालतात. ज्यांच्यावर अन्याय झाला तेही पुराव्यावाचून दुसऱ्याला दोषी ठरवू शकतात, हे सत्य लेखकाने आपल्याच माणसांविषयी सांगितले. त्याला धैर्य लागते. उत्तरार्धात कादंबरी थोडी भावविवश होते, हा दोष मान्य करूनही मी ती वाचनीय मानतो.

एवढा ऊहापोह केवळ वाङ्मयीन आवडीनिवडीसाठी नाही. 'त्याने कबूल केले आहे ना, मग खटला कशाला?' हा प्रश्न सुशिक्षित माणसेही मला विचारतात. शेजाऱ्यावर आळ आला की चार दिवसांत आपण निकाल देऊन मोकळे होतो. ही घाई आपण कोठे शिकलो याचा विचार केला, तर शेवटच्या प्रकरणातील त्या विकट हास्याकडेही थोडा दोष जातो. माणूस जे आवडीने वाचतो त्यातून त्याच्या मनातील न्यायाची कल्पना घडते. म्हणूनच रहस्यकथेकडे तुच्छतेने पाहणे मला धोक्याचे वाटते.

तेव्हा ग्रंथालयाच्या चालकांना माझे सांगणे एवढेच, की अर्नाळकर-शिरवळकरांना मागच्या कपाटात लोटू नका. 'अच्छेव'च्या शेजारीच ठेवा. आणि मराठी व कोंकणीतील तरुण लेखकांपाशी एक मागणे आहे. पंच फितूर होतात, पंचनाम्यात खाडाखोड निघते, उलटतपासणीत साक्षीदार डळमळतो, आणि तरीही सत्याचा शोध चालू राहतो, अशी एक रहस्यकादंबरी लिहा. तिच्यातील गुन्हेगाराला शेवटपर्यंत एक शब्दही बोलू देऊ नका.