श्रबलँडचा सोपान : अनुकरण कीं निर्मिति?

इंग्लंडांतील सफक परगण्यांत श्रबलँड हॉल नांवाचा एक जमीनदारी वाडा आहे. १८५० च्या सुमारास सर विल्यम मिडल्टन यांच्याकरितां चार्ल्स बॅरी या वास्तुशिल्पज्ञानें त्याचें रूप पालटलें, व टेकडीच्या उतारावरून खालच्या पुष्पवाटिकेपर्यंत एक भव्य पाषाणसोपान उतरविला. माथ्यावर कमानींचा मंडप, मग टप्प्याटप्प्यानें पायऱ्या, दोहों बाजूंस कठडे व कलश, आणि पायथ्याशीं कारंजें, अशी त्याची रचना आहे. लंडनचें पार्लमेंटगृह ज्याच्या आराखड्यावरून उभें राहिलें तोच हा बॅरी.

या सोपानास टिव्होली येथील व्हिला देस्तेची नक्कल म्हणून हिणवणें सोपें आहे. बॅरीनें १८१७ ते १८२० या काळांत प्रवास करून इटलींतील वास्तु पाहिल्या होत्या. तेव्हां ऋण उघड आहे. परंतु ऋण घेणें व नक्कल करणें या भिन्न गोष्टी होत. टिव्होलीस पाहुणा मूळ योजनेप्रमाणें खालून प्रवेश करी व कारंजांच्या नादांत वाड्याकडे चढत जाई. तेथें आरोह प्रधान. श्रबलँडास मनुष्य वाड्यांतून निघून फुलांकडे उतरतो. येथें अवरोह प्रधान. तेथें उतारभर पाणी खेळतें; येथें तें पायथ्याशीं वाट पाहतें. शब्द तेच, परंतु अन्वय निराळा. यास नक्कल म्हणणें आमच्या मतें अन्यायाचें आहे.

दोष मात्र आहे, व तो झांकण्यांत अर्थ नाहीं. ज्या सोपानाचें प्रयोजन उतरणें, त्याचें फळ पायथ्याशीं असावें लागतें. येथें तें फळ म्हणजे नक्षीदार ताटव्यांची रंगशोभा. ब्रुक या चित्रकाराच्या ‘गार्डन्स ऑफ इंग्लंड’ या ग्रंथांत ती दिसते. परंतु अशी शोभा दरवर्षीं नव्यानें लावावी लागते. १८८० नंतरच्या दशकांत विल्यम रॉबिन्सन यानें ती मोडून साधी व टिकाऊ लागवड केली. दगड राहिला, प्रयोजन क्षीण झालें. चिरस्थायी पाषाणाचा अर्थ बॅरीनें क्षणजीवी फुलांवर सोंपविला, हीच त्याची चूक.

म्हणून परीक्षकानें आपण कोणत्या वर्षींचा सोपान पाहत आहों, हें आधीं सांगावें. काळ न ठरवितां शिलालेखाचा अर्थ लावणारा जसा फसतो, तसाच काळ न पाहतां उद्यानाचा निवाडा करणाराही फसतो.