उलट्या वाटेने गेलेली चाल

आमच्या पिशोरहून फुलंब्री काही लांब नाही, तरी मास्टर कृष्णराव ‘फुलंब्रीकर’ होते म्हटलं की इथले लोक चमकतात. माझ्या संशोधनाचा प्रश्न मात्र आडनावाचा नाही, चालींचा आहे.

नाट्यसंगीताने ख्यालाकडून घेतलं, हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल. खरंच आहे ते. कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले, आणि १९१६च्या ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ म्हणजे सरळ यमन. पण ख्यालाने परत काय घेतलं?

माझ्या मते, घाई करायची हिंमत. ख्यालात राग सावकाश उलगडतो. रंगभूमीवर तेवढी सवड नाही, मुखड्यातच रागाचा चेहरा दिसावा लागतो. ‘कुलवधू’मधली (१९४२) कृष्णरावांची ‘बोला अमृत बोला’ ही भैरवी पहिल्याच ओळीत पूर्ण उभी राहते. पुढे फक्त लाडीगोडी!

कुमार गंधर्वांसारख्या बंडखोर ख्यालियाने ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असा अख्खा कार्यक्रम केला, तो निव्वळ आठवणींसाठी नव्हे. त्यांच्या मध्यलयीतल्या नेटक्या, लगेच मुद्द्यावर येणाऱ्या बंदिशींमागे मला हीच शिस्त ऐकू येते. सगळं श्रेय इकडे देऊ नका हं, माळव्याच्या लोकधुनांचा वाटा मोठाच. तरी नाट्यपदाला ‘सुगम’च्या कप्प्यात टाकून ख्यालाचा इतिहास लिहिणं मला पटत नाही.

‘बोला अमृत बोला’ ऐका आणि लगेच कुमारांची एखादी बंदिश लावा. राग कितव्या मात्रेला ओळखू येतो, तेवढंच मोजा.