‘उत्स्फूर्त’ आणि ‘भागवणे’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘इम्प्रोव्हाइझ’ या क्रियापदासाठी मराठी समीक्षा बहुधा ‘उत्स्फूर्त’ या विशेषणाचा आधार घेते. हा पर्याय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आधी न पाहिलेले, अनपेक्षित’ असा आहे. तो परिस्थितीविषयी बोलतो. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द कर्त्याच्या अंतःकरणाविषयी बोलतो. अडचणीच्या जागी उमाळा येतो आणि या अर्थांतरात कर्त्याचे कौशल्य दृष्टिआड होते.

व्यवहारातील मराठी याबाबत अधिक काटेकोर आहे. एरंडोलच्या बाजारातला एखादा मिस्त्री हवा तो भाग न मिळाल्यास जुन्या ट्यूबमधून वायसर कापून काम ‘भागवतो’. अवेळी पाहुणे आले तर घरातली बाई आहे त्या शिध्यात ‘निभावून नेते’. या कृतींना कोणी उत्स्फूर्त म्हणत नाही. साधनांची मर्यादा, वेळेचा तगादा आणि हाताला मुरलेली सवय या तिन्ही गोष्टी त्या क्रियापदांत गृहीत असतात. शिवाय ‘वेळ मारून नेणे’ असा वेगळा वाक्प्रचार ठेवून भाषेने अस्सल आणि दिखाऊ यांतील भेदही नोंदवला आहे.

या भेदाचे वाङ्मयीन महत्त्व बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या संदर्भात स्पष्ट होते. आसोद्यात जन्मलेल्या या निरक्षर कवयित्रीची गाणी घरकाम आणि शेतकाम करताना रचली गेली. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती टिपून ठेवली आणि 1952 मध्ये ती ग्रंथरूपाने आली. त्यांना ‘उत्स्फूर्त’ म्हणताना गौरवाचाच हेतू असतो. परिणाम मात्र असा होतो, की प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास या काव्यहेतूंपैकी केवळ पहिला त्यांच्या वाट्याला येतो. उरलेले दोन साक्षरांसाठी राखीव राहतात.

वस्तुतः जात्यावरची ओवी हीच एक अभ्यासपद्धती आहे. अक्षरसंख्या सैल, यमक मात्र आवश्यक. जात्याच्या फेऱ्याची लय ठरलेली. संबोधने आणि प्रतिमा परंपरेने हाताशी दिलेल्या. पुढचा चरण या चौकटीत, फेरा थांबू न देता, बसवावा लागतो. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्ह गायकांच्या अभ्यासातून दाखवले, की मौखिक कवी गातागाताच रचतो आणि ते त्याला सिद्ध पदबंधांच्या बळावर साधते. छापील संहितेत अशा रचनेचे एकच रूप स्थिरावते; तिच्यामागची तालीम तेथे दिसत नाही.

‘भागवणे’ या शब्दाला उणेपणाची छटा आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु मर्यादा म्हणजे न्यूनता नव्हे. रागाच्या चौकटीतील ‘उपज’ कोणी उणी मानत नाही. म्हणून ‘हे कोठून स्फुरले?’ या प्रश्नाबरोबरच ‘हे कशावर भागवले?’ असेही समीक्षेने विचारले पाहिजे. पहिला प्रश्न चमत्कारापाशी थांबतो; दुसरा निरक्षर कवयित्रीच्या विद्येपर्यंत पोहोचू शकतो.