लादी, रस्ता आणि एक वाकलेली पाठ

आधी त्या पाठीकडे पाहू. एक उंच, सडपातळ माणूस कमरेत पुरता वाकला आहे आणि बर्फाच्या भल्यामोठ्या लादीला दोन्ही तळहात लावून, सगळ्या देहाचा भार तिच्यावर घालून तिला रस्त्यावरून पुढे रेटतो आहे. साल १९९७. स्थळ मेक्सिको सिटीची जुनी मध्यवस्ती. माणसाचे नाव फ्रान्सिस अलीस. नऊ तासांहून अधिक काळ तो ही लादी ढकलत राहिला, ती पुरती विरघळेपर्यंत. या कृतीच्या नावातच त्याने सांगून टाकले आहे, की कधी कधी काहीतरी करण्यातून काहीच हाती येत नाही.

पण आपण त्या निष्फळतेकडे इतक्या घाईने जाऊ नये. वाटेत फार सुंदर गोष्टी आहेत. लादी झिजत जाते तसतशी त्याची पाठ सरळ होत जाते. आरंभी जे ओझे त्याला जमिनीशी नमवत होते, तेच हळूहळू त्याला उभे करते आणि अखेरीस तो पायाच्या टोकाने एक बर्फाचा खडा सहज उडवत चालू लागतो. कष्टाचे क्रीडेत झालेले हे रूपांतर नेमके कोणत्या वळणावर घडले ते आपल्याला दाखवता येत नाही. मला तर वाटते, या कृतीचे सारे लावण्य त्या न सापडणाऱ्या वळणातच आहे. आणि मागे उरणारी ती ओली रेघ! हा कलावंत शिक्षणाने वास्तुविशारद, बेल्जियमचा. १९८५च्या भूकंपानंतरच्या कामासाठी या शहरात आला आणि इथलाच झाला. टिकाऊ रेषा आखण्याची विद्या शिकलेला माणूस इथे उन्हाने पुसून टाकावी अशी रेषा आखतो.

आता दृष्टी जरा वर उचलू, म्हणजे अवतीभवतीचा रस्ता दिसेल. या गल्ल्यांमध्ये माणसे दिवसभर काही ना काही ओढत आणि ढकलत असतात: हातगाड्या, खोकी, गाठोडी. अलीस १९९२पासून अशा माणसांची छायाचित्रे टिपत होता. म्हणून त्याची लादी त्या रस्त्याला परकी वाटत नाही. त्याने रस्त्यात नवे काही आणलेले नाही. रस्त्याचेच नित्यकर्म उचलले, त्यातले प्रयोजन तेवढे अलगद काढून घेतले, आणि जे उरले ते निखळ श्रम. एरवी मालाकडे जाणारी आपली नजर प्रथमच ढकलणाऱ्या देहावर स्थिरावते.

याच वस्तीच्या मध्यावर सोकालो हा प्रचंड चौक आहे आणि त्याच्या मधोमध उंच ध्वजस्तंभ. २२ मे १९९९ रोजी अलीसने आपला सहकारी राफाएल ओर्तेगा याच्यासह तिथे बारा तास चित्रण केले. उन्हापासून आसरा म्हणून लोक स्तंभाच्या अरुंद सावलीत एकामागे एक उभे राहतात. सावली सरकते, तशी ती रांगही सरकते. सूर्य, एक खांब आणि सावली शोधणारी माणसे यांतून एक सजीव शिल्प आपोआप घडत असते. कलावंताचे काम ते घडताना पाहत राहण्याचे. पुढे २००२मध्ये त्याने पेरूत लिमा शहराबाहेर पाचशे स्वयंसेवकांच्या हाती फावडी देऊन वाळूची एक टेकडी सुमारे दहा सेंटिमीटर हलवली. त्या कृतीची कीर्ती अधिक झाली. तरी माझा कौल लादीलाच, कारण तिथे एक माणूस, एक रस्ता आणि एक ऊन यांपलीकडे काहीच लागले नाही.

त्या नऊ तासांची चित्रफीत जेमतेम पाच मिनिटांची आहे आणि ती कलावंताच्या संकेतस्थळावर पाहता येते. रसिकहो, ती सलग पाहा आणि पहिल्यांदा पाहताना नजर फक्त त्याच्या पाठीवर ठेवा.