ग्रंथपालाचे काम किल्लीचे की पारखीचे?

शोधनिबंध संगणकावर मिळू लागल्यावर ग्रंथपाल हवा कशाला, असे हल्ली सर्रास विचारले जाते. आम्हांला या प्रश्नातच चूक दिसते. कपाटाची किल्ली सांभाळणे हे ग्रंथपालाचे खरे काम नव्हेच. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो.

एक उदाहरण घेऊ. वर्धा जिल्हा कापसाचा. समजा, येथील विद्यार्थ्याला गुलाबी बोंडअळीवर प्रकल्प करायचा आहे. नुसत्या मराठी नावाने शोधले तर बहुधा बातम्या आणि जाहिरातीच हाती लागतील. 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला' हे शास्त्रीय नाव वापरताच जगभरचे संशोधन समोर येते. त्यातून नेमके काय निवडावे, माहितीपत्रक आणि तपासलेला शोधनिबंध यांत फरक कसा करावा, हे चांगला ग्रंथपाल शिकवतो. संवाद साधणारे नवे संगणक-कार्यक्रम तर कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधांचे संदर्भ देतात. म्हणजे पारखीची गरज वाढलीच आहे.

जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय संस्थांसाठी ही मोठीच सोय आहे. परंतु कोणते नियतकालिक घ्यावे हे पूर्वी ग्रंथपाल प्राध्यापकांशी बोलून ठरवत. या नियतकालिकांपुरता तो निर्णय आता केंद्रात होतो. उलट, फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दर्जेदार नियतकालिकांची आपली 'केअर' यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि पारखीचे काम संस्थांवर सोपवले. निवडीचा अधिकार वर गेला, जबाबदारी मात्र खाली आली!

ही जबाबदारी ग्रंथपालांनीच घ्यावी, असे आम्हांला वाटते. पण त्यासाठी संशोधन समितीत त्यांना बरोबरीची खुर्ची हवी. दोष एकाच बाजूचा नाही. पुस्तक हरवेल या भीतीने कपाटे बंद ठेवणारे ग्रंथपाल आम्हीही पाहिले आहेत. किल्लीला चिकटून राहिलेल्यांचा मान किल्लीबरोबरच गेला.

शिक्षकमित्रहो, पुढचा प्रकल्प देताना विद्यार्थ्यांना ग्रंथालयात पुस्तकाचे नाव नव्हे, एक प्रश्न घेऊन पाठवा. ग्रंथपालांनाही आपले खरे काम दाखवण्याची संधी मिळेल.